पाव टक्क्याचे दीडशहाणे

मराठी मध्यमवर्गीय माणूस शेअरबाजाराला भितो, तलाठ्याला भितो, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही भितो. त्याचा सगळा पराक्रम राखून ठेवलेला असतो तो मुदत ठेवींच्या दरपत्रकासाठी. तिथे तो वाघ असतो. कुठल्या बँकेने ४४४ दिवसांना किती लावले, कुठे ज्येष्ठांना अर्ध्याऐवजी पाऊण टक्का जादा मिळतो, कुणाचा दर सोमवारपासून उतरणार, सगळे तोंडपाठ. स्वतःच्या रक्तातली साखर किती, असे विचारले तर मात्र ‘ते डॉक्टरांना माहीत’ म्हणेल.

अशी माणसे माझ्या आजूबाजूला ढिगाने आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, वीज मंडळातले माजी अभियंते, मुलगा अमेरिकेत असलेले आईवडील. प्रत्येकाच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेली सात-आठ पासबुके. त्यातली दोन राष्ट्रीयीकृत बँकांची, दोन सहकारी, एक-दोन नव्या स्मॉल फायनान्स बँकांची आणि एक गावाकडच्या पतसंस्थेचे. एवढी खाती कशाला, असे विचारले की चेहऱ्यावर एक गूढ स्मित उमटते. ‘पैसे असे फिरते ठेवायचे असतात हो. जिथे जास्त, तिथे आपण.’ त्या स्मिताला उत्तर म्हणून हा लेख आहे. तुम्ही व्याज कमवत नाही आहात. तुम्ही बँकांची बिनपगारी कारकुनी करत आहात.

रागावू नका, हिशेबच मांडू. समजा, तुमच्या १२ लाखांच्या ठेवी आहेत. त्या एका चांगल्या बँकेत ६.५ टक्क्यांनी ठेवण्याऐवजी तुम्ही पाच बँकांत फिरवल्या आणि सरासरी पाव टक्का जास्त मिळवला. वर्षाला ३,००० रुपये जादा. आता या पाच बँकांत खाते उघडायचे तर किमान शिल्लक लागते. प्रत्येकी १०,००० धरा, म्हणजे ५०,००० रुपये बचत खात्यांत २.५ टक्क्यांवर झोपून राहिले. तेच ठेवीत असते तर ४ टक्के जास्त मिळाले असते, म्हणजे २,००० रुपये. कमाई ३,०००, गमावले २,०००, उरले १,०००. तुम्ही २० टक्के कराच्या पायरीवर असाल तर त्यातले आठशेच्या आसपास हाती लागतात. मग पाच डेबिट कार्डांचे वार्षिक शुल्क, एसएमएसचे तिमाही पैसे आणि त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. केवायसीसाठी आधारच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइझ फोटो, भर उन्हातली रिक्षा. आठशेतले किती उरले ते तुम्हीच सांगा. माझ्या हिशेबात ते खड्ड्यात गेले.

‘घरी बसून तरी काय करायचे? तेवढाच वेळ जातो,’ असे एका गृहस्थांनी मला ऐकवले. मान्य. मग त्याला छंद म्हणा. तिकिटे जमवणाऱ्याने आपण पोस्ट खाते चालवतो असा आव आणू नये.

गंमत पुढेच आहे. पाव टक्क्यासाठी गाव पालथे घालणाऱ्या याच माणसाच्या मुख्य बचत खात्यात तीन लाख रुपये वर्षानुवर्षे पडून असतात. ‘असावेत हाताशी, कधी काय लागेल.’ स्टेट बँकेच्या बचत खात्याचा दर जून २०२५ मध्ये २.५ टक्क्यांवर आला आणि मोठ्या खासगी बँकाही तिथेच येऊन बसल्या. तीन लाखांतले अडीच लाख त्याच बँकेत, त्याच खिडकीवर ठेवीत टाकले, किंवा खात्याला स्वीपची, म्हणजे जादा शिल्लक आपोआप ठेवीत वळवण्याची, सोय लावून घेतली, तर वर्षाला १०,००० रुपयांचा फरक पडतो. एक अर्ज, एक सही. पाच बँकांची वारी करून जे जादा व्याज मिळते त्याच्या तिपटीहून जास्त. पण त्यात हुशारी दिसत नाही, बागेतल्या बाकावर सांगण्यासारखे काही नसते, म्हणून ते कुणी करत नाही.

बँकांना हा स्वभाव नीट माहीत आहे आणि त्यांनी दुकान त्यावरच मांडले आहे. ४४४ दिवस, ४०० दिवस, ५५५ दिवस, हे आकडे आले कुठून? पंचांगातून नव्हे. एक वर्ष, दोन वर्षे अशा सरळ मुदती असल्या की दोन बँकांची तुलना शाळकरी पोरही करील. विचित्र मुदत ठेवली की तुलना बिघडते आणि ‘खास योजना’ असल्याचा भास होतो. शिवाय ४४४ दिवसांनी नेमकी कुठली तारीख येते हे कुणाच्या लक्षात राहते? ठेव आपोआप नूतनीकरणाला लावलेली असेल तर ती त्या दिवशीच्या साध्या दराने पुढे ढकलली जाते. लावलेली नसेल आणि तुम्ही विसरलात, तर जुलै २०२१ पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की मुदत संपलेल्या पडून राहिलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळेल. म्हणजे अडीच टक्के. सात बँकांत चौदा पावत्या ठेवणारा माणूस वर्षातून एक तरी तारीख चुकवतो, आणि पाव टक्क्याने कमावलेले तिथे सव्याज परत करतो.

दुसरी चलाखी ‘परताव्या’ची. ७ टक्क्यांची पाच वर्षांची ठेव घ्या. दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिसळत गेले की पाच वर्षांनी एक लाखाचे १,४१,४७८ रुपये होतात. मग जाहिरातीत ४१,४७८ ला सरळ पाचाने भागायचे आणि छापायचे: ‘वार्षिक परतावा ८.३० टक्के’. आकडा खोटा नाही, दर मात्र सातच आहे. शेजारच्या बँकेने प्रामाणिकपणे ७.१० टक्के लिहिले असेल तर आमचा वाघ तिथून उठून ८.३० कडे झेप घेतो आणि दहा पैसे कमी घेऊन विजयी मुद्रेने घरी येतो.

तिसरी चलाखी पायऱ्यांची. ‘बचत खात्यावर ७ टक्क्यांपर्यंत व्याज!’ यातला ‘पर्यंत’ नेहमी बारीक अक्षरात असतो. एक लाखापर्यंतच्या शिलकीला सामान्य दर आणि भरघोस दर कित्येक लाखांच्या वरच्या पायरीला. ज्याच्याकडे तेवढी रक्कम आहे त्याने ती बचत खात्यात का ठेवावी, हा प्रश्न विचारायचा नसतो.

हे सगळे कायदेशीर आहे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचे दर मोकळे केले. तोवर देशभर एकच दर होता, ४ टक्के. स्पर्धेने ग्राहकाचे भले होईल असे तेव्हा सांगितले गेले. येस बँकेने लगोलग ६ टक्के जाहीर केले आणि नवश्रीमंत तिकडे धावले. ५ मार्च २०२० रोजी त्याच बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला ५०,००० रुपयांपलीकडे स्वतःच्या पैशाला हात लावता येईना. स्टेट बँकेला पुढे करून ती बँक वाचवली गेली, म्हणून लोक सुटले. मोठ्या बँकांनी त्या मोकळिकीचे काय केले, ते अडीच टक्क्यांत दिसतेच आहे. या सगळ्या काळात पोस्टाचे बचत खाते निमूटपणे ४ टक्के देत राहिले, तेही सरकारी हमीसह. पण पोस्टात जायला आमच्या दर-पंडितांना कमीपणा वाटतो. तिथे वातानुकूलित खोली नसते आणि ‘सर, कॉफी घेणार?’ असे कुणी विचारत नाही.

त्या कॉफीचा दर काय असतो तेही सांगतो. एका खासगी बँकेत मी ठेव ठेवायला गेलो. समोरच्या टायवाल्या मुलाने ठेवीचा अर्ज बाजूला सारला आणि ‘काका, एफडीसारखेच आहे, पण जास्त देते’ म्हणत एक कागद पुढे केला. तो विम्याचा कागद होता, पाच वर्षे हप्ते भरायचे होते. तुमचे प्रत्येक नवे खाते हे अशा मुलांना तुमच्या घरात उघडून दिलेले एक दार असते. सात खाती, सात दारे. त्यातून एखादी चुकीची पॉलिसी आत आली की पाव टक्क्याची वीस वर्षांची कमाई एका सहीत जाते.

टीडीएसची चतुराई तर विचारूच नका. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेतले वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले तर बँक कर कापते; ज्येष्ठांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. म्हणून ठेवी अशा विभागायच्या की कुठल्याच बँकेत रेषा ओलांडली जाऊ नये. कापला नाही म्हणजे लागला नाही, अशी यांची समजूत. अहो, कापणे आणि लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याज हे उत्पन्न आहे, ते पहिल्या रुपयापासून विवरणपत्रात दाखवावेच लागते. शिवाय तुमच्या पॅनवर कुठल्या बँकेने किती व्याज दिले याची यादी प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात तुमच्याआधी हजर असते. नोटीस आली की हेच चाणक्य सीएच्या दारात उभे राहतात आणि त्याची फी ठेवीच्या व्याजातून देतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण इथे थट्टा संपते. एखादी बँक दुसरीपेक्षा दीड-दोन टक्के जास्त का देते? तिला तुमचे प्रेम उतू चालले म्हणून? तिला पैशाची गरज जास्त आहे आणि स्वस्तात कुणी देत नाही म्हणून. जादा दर हा तुमच्या हुशारीचा मोबदला नसतो. तो तुम्ही उचललेल्या धोक्याचा असतो. हे समजायला अर्थशास्त्र नको, महाराष्ट्रात राहणे पुरते. २०१० मध्ये पेण अर्बन बँक गाळात गेली. २०१३ मध्ये पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले. अख्ख्या पेठांचा विश्वास जिच्यावर, त्या बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, मधली नऊ वर्षे ठेवीदार म्हातारे होत गेले. सीकेपी बँकेचा परवाना २०२० मध्ये गेला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिली मर्यादा किती होती आठवते? सहा महिन्यांत १,००० रुपये. त्या बँकेने आपल्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक पैसा एकाच बांधकाम समूहात ओतला होता आणि तो लपवायला २१ हजारांहून जास्त बोगस खाती रचली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना सांगण्यात आले की उरलेले पैसे हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत मिळत राहतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींच्या अपहाराचे प्रकरण निघाले. सारस्वत बँकेने ती पदरात घेतली म्हणून निभावले. आणि पतसंस्था? जळगावची रायसोनी, बीडची ज्ञानराधा. तिथल्या ठेवीदारांना विचारा, टक्का किती मिळत होता. मिळत होता तोवर सगळे तोऱ्यात सांगत होते.

या माणसांना मी हसणार नाही. त्यांनी कष्टाचे पैसे ठेवले आणि चोरी संचालकांनी केली. पण त्यांच्या अनुभवानंतरही जो माणूस दरपत्रकाचा शेवटचा रकाना आधी वाचतो, त्याला काय म्हणावे?

पैसे वेगवेगळ्या बँकांत विभागण्याचे एकच सज्जड कारण आहे, आणि ते व्याज नाही. ते आहे ठेव विमा. या विम्याच्या जन्मातही महाराष्ट्राचा वाटा आहे. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा सरकार जागे झाले. १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला, माणशी १,५०० रुपयांचा. वाढत वाढत १९९३ मध्ये तो १ लाखावर आला आणि तिथेच २७ वर्षे बसून राहिला. या काळात घरांच्या किमती, औषधे, कॉलेजची फी आणि आमदारांचे पगार सगळे कित्येक पटींनी वाढले. वाढली नाही ती फक्त बँक बुडाल्यावर मिळणारी रक्कम. पीएमसीच्या शाखांबाहेर म्हातारी माणसे रडताना देशाने टीव्हीवर पाहिली, तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. पुढे सप्टेंबर २०२१ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली: निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळाली पाहिजे. त्याआधी परवाना रद्द होईपर्यंत ताटकळावे लागे. रुपीच्या ठेवीदारांसाठी ती दुरुस्ती आठ वर्षे उशिरा आली, एवढेच.

आता या पाच लाखांचे नियम किती जणांना ठाऊक आहेत? मी दर-पंडितांना विचारून पाहिले. सगळ्यांना ४४४ दिवसांचा दर माहीत होता, हे नियम जवळजवळ कुणालाच नव्हते. ऐका. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात; म्हणजे पुरते पाच लाख ठेवलेत तर व्याज उघड्यावर. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा. कोथरूड शाखेत पाच आणि डेक्कन शाखेत पाच ठेवून काहीही साधत नाही. पतसंस्थेला हा विमा मुळीच नाही, फलकावर कितीही देवदेवता असोत. आणि सर्वांत मोलाचे: एकट्याच्या नावाचे खाते वेगळे, संयुक्त खाते वेगळे, एवढेच काय, ‘नवरा आणि बायको’ हे खाते आणि ‘बायको आणि नवरा’ हे खाते विम्याच्या नजरेत दोन वेगळी खाती आहेत. संसारात नावांच्या क्रमाला एवढा मान कुणी देत नाही, ठेव विमा महामंडळ देते. म्हणजे त्याचे एक, तिचे एक आणि संयुक्त दोन मिळून नवरा-बायकोचे २० लाख रुपये एकाच बँकेत विम्याखाली राहू शकतात. दोन बँका धरल्या तर ४० लाख. पेन्शनवर जगणाऱ्या किती घरांत याहून जास्त ठेवी आहेत? मग सात बँका कुणासाठी?

कुणासाठी ते मी सांगतो. ज्या दिवशी हा हुशार माणूस अचानक जातो, त्या दिवशी सात बँका त्याच्या बायकोच्या वाट्याला येतात. पासवर्ड त्याच्या डोक्यात, पावत्या कुठल्यातरी फायलीत, तीन खात्यांवर नामनिर्देशनच नाही. तिला आयुष्यात कधी बँकेत नेले नाही, कारण ‘तुला त्यातले कळत नाही’. मग ती बाई मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घेऊन एकेक शाखा चढते. एकीकडे वारसाचे प्रतिज्ञापत्र मागतात, दुसरीकडे जामीनदार आणा म्हणतात, तिसरीचा तिला पत्ताच नसतो. ते तिसरे खाते दहा वर्षे हलले नाही की तिथले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. ते शोधायला ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ ऑगस्ट २०२३ मध्ये काढले आहे. एवढा मोठा डोंगर फक्त गरीब-अडाण्यांच्या विसराळूपणाने उभा राहिलेला नाही. त्यात पासबुकांना रबर लावणाऱ्या शहाण्यांचे योगदान मोठे आहे.

सरकारलाही सोडायचे कारण नाही. बँकेचा ताळेबंद तपासणे हे निवृत्त शिक्षकाचे काम नव्हे. त्यासाठी रिझर्व्ह बँक आहे, लेखापरीक्षक आहेत, सहकार खाते आहे. २१ हजार बोगस खाती त्यांना दिसली नाहीत, आणि जबाबदारी मात्र ठेवीदाराने पैसे विभागून घ्यायची! पाच लाखांची मर्यादा पुन्हा पुढची बँक बुडेपर्यंत गोठवून ठेवू नका. महागाईशी तिची सांगड कायद्यातच घाला, म्हणजे मर्यादा वाढण्यासाठी दर वेळी कुणीतरी रस्त्यावर रडण्याची गरज उरणार नाही. पतसंस्थांच्या दारावर ‘या ठेवींना विमा नाही’ असा फलक दराच्या फलकाएवढ्याच अक्षरात लावणे सक्तीचे करा. दहा दिवसांत किती ठेवी काढल्या जातात ते बघा.

आणि तुम्ही, पाव टक्क्याचे दीडशहाणे, तुमच्यासाठी निकाल असा. दोन बँका ठेवा, फार तर तीन, त्यातली एक मोठी आणि बुडू न देण्याजोगी. साठ पार केले असेल तर आधी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेकडे बघा; तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता आणि हमी सरकारची. बचत खात्यात तीन-चार महिन्यांचा खर्च ठेवा, बाकीचे ठेवीत टाका. कुठल्याही बँकेत, कुठल्याही नावक्रमात, व्याजासकट पाच लाखांच्या वर जाऊ नका. पैसे विभागायचे ते बुडण्याच्या भीतीने, वाढण्याच्या लोभाने नव्हे. उरलेली खाती या महिन्यात बंद करा. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, ते करून घ्या. आणि शेवटी सगळ्या खात्यांची यादी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून बायकोला समोर बसवून समजावून सांगा. तिला कळते. तुम्ही कधी सांगितले नव्हते.